सोमनाथचा गचाळ हात

रोहिदासनं नवी तार गुंडाळून भरलेली पाण्याची मोटर माणसाआधी मरत नाही, असं अख्ख्या वरवे गावात म्हणतात. पंचाईत तीच होती. एकदा भरून नेली की गिऱ्हाईक परत फिरकायचंच नाही, आणि रोहिदास दुकानात माश्या मारायचा.

अशात पुण्याच्या स्टुडिओतली शेफाली आली. जुन्या रेकॉर्डिंग यंत्रातला काडीपेटीएवढा जळका ट्रान्सफॉर्मर तिनं टेबलावर ठेवला. "काका, हुबेहूब असाच पाहिजे. डाव्या-उजव्या आवाजासाठी एकसारखी जोडी. जमली तर वर्षभर काम देते."

रोहिदासनं तो उघडला आणि कपाळावर हात मारला. आत तारेचा नुसता गुंता! "कुण्या बेवड्यानं भरलाय ह्यो?" म्हणत त्यानं फेऱ्याला फेरा चिकटवून झकास नवा भरला.

शेफालीनं तो यंत्राला जोडून ऐकलं आणि तोंड पाडलं. "फार स्वच्छ येतोय आवाज. जुन्यात ऊब होती. तो गुंताच हवाय मला."

"ऊब पायजे तर घोंगडी घ्या की!" रोहिदास भडकला. पण हे काम गेलं तर शटर ओढायची पाळी होती. त्यानं वाकडं भरून बघितलं, डाव्या हातानं बघितलं, डोळे मिटूनही बघितलं. मेला हात सरळच जायचा.

शेवटी बायको मोहिनी म्हणाली, "अहो, माझ्या भावाला बोलवा की."

सोमनाथ! त्यानं भरलेली मोटर बांधावर पोचायच्या आत धूर सोडायची. रोहिदासनं किती शिकवलं, किती शिव्या घातल्या, शेवटी हाकललाच. आता तो राजगडाखालच्या पाली गावात ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी विकत होता. रोहिदास तिथं जाऊन उभा राहिला.

"दाजी, तुमी हितं? कोण गेलं?" सोमनाथ दचकला.

"कोण न्हाई गेलं. तुझ्यासारखं गचाळ काम तालुक्यात कुणाला येत न्हाई. चल गपगुमान."

सोमनाथनं मोबाईलवर गप्पा हाणत, भजी खात पहिला भरला. शेफालीनं यंत्राला जोडून ऐकला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "हाच तो! सोमनाथदादा, काय हात आहे तुमचा!"

त्या हाताला जन्मात कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. इथंच घात झाला. दुसरा भरायला गडी अंघोळ करून आला. मोबाईल बंद. उदबत्ती लावली, दम धरला आणि जीव ओतून काम केलं.

रोहिदासनं बघितलं. बाजरीच्या कणसात दाणे बसावेत तशी तार बसली होती. एक फेरा इकडचा तिकडं नाही. वर्षभराचं काम बोंबललं होतं. शिवी ओठावर आली, पण त्यानं तारेवरून हळूच अंगठा फिरवला.

"चुकलं का वो, दाजी?" सोमनाथचा चेहरा उतरला. "तोडू? परत भरतो."

"हात लाव, तंगडं मोडीन तुझं!"

बाहेर येऊन रोहिदासनं नाक पुसलं आणि शेफालीला फोन लावला. "ताई, दुसरा काय जमायचा न्हाई आता. आमचा मेव्हणा सुधारला."