पहाटे पाचची बादली

आमच्या ह्यांनी जन्मात एकच वस्तू मला न विचारता घरी आणली, ती म्हणजे मॅटॅडोर गाडी. ती आधी कुठल्याशा फिरत्या दवाखान्याची होती. भाटे गावातल्या आमच्या अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या अंगावरचा तांबडा क्रॉस अर्धा पुसलेला होता आणि आतून फिनेलचा वास येत होता. ह्यांनी मोठ्या थाटात दार उघडलं आणि म्हणाले, "सगुणा, ह्या आता आपला घर." मागे चिऱ्याचं चांगलं तीन खोल्यांचं घर उभं होतं. मी त्या घराकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेले.

ह्यांचं नाव भिकाजी. बत्तीस वर्षं दीपगृहावर नोकरी केली. संध्याकाळी दिवा लावायचा, पहाटे मालवायचा, वहीत वेळ लिहायची. कधी गुजरातच्या किनाऱ्यावर, कधी पार केरळात, एकदा तर अशा बेटावर की जिथे पंधरा दिवसांनी एकदा होडी यायची. वर्षातून महिनाभर घरी. मी इथेच राहून प्राथमिक शाळेत शिकवलं, दोन मुलं वाढवली, ती मुंबईला लागली. शहाऐंशी साली आम्ही दोघंही रिटायर झालो आणि तेव्हा ह्यांनी मनातलं बाहेर काढलं. जिथे जिथे नोकरी केली ती सगळी दीपगृहं मला दाखवायची, आणि तीही स्वतःच्या गाडीत राहून. बत्तीस वर्षं सगळी जहाजं ह्यांच्यासमोरून गेली, हे जागचे हलले नाहीत, आता हे हलणार होते.

गाडीत दोन बाकं बसवली, ती जोडली की बिछाना व्हायचा. ओटा केला. छपरावर मुंबईहून मागवलेलं सोलर पॅनेल चढलं. उन्हावर बॅटरी भरायची आणि बॅटरीवर एक ट्यूब आणि एक पंखा चालायचा. गावात असली वस्तू कुणी पाहिली नव्हती. हे रोज सकाळी शिडी लावून ते पॅनेल पुसायचे, दीपगृहाची काच पुसल्यासारखे.

मला जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जी आडमुठेपणा केल्यासारखी वागले त्यावरून तसं वाटणार नाही. बत्तीस वर्षं पत्रांत वाचलेल्या जागा मला डोळ्यांनी बघायच्या होत्या.

पण माझे हात. सात वर्षांपासून पहाटे उठले की माझ्या दोन्ही हातांच्या मुठी वळलेल्या असायच्या आणि बोटं काही केल्या उघडायची नाहीत. कढत पाण्यात पाव तास धरले की एकेक बोट सैल व्हायचं. मग दिवसभर मी मासे कापायची, फळ्यावर लिहायची, कुणाला काही कळायचं नाही. घरी मी रात्रीच न्हाणीतल्या चुलीत राखेखाली विस्तव पुरून ठेवायची आणि पहाटे मनगटांनी नारळाची सोडणं आत ढकलायची. हे रजेवर असले तरी मी त्यांच्या आधी उठायची. मुलांनासुद्धा बोलले नाही.

नोकरीत हे लांब होते, उगाच घोर नको म्हणून; पण गाडी आल्यावरही का नाही बोलले? कारण मी ह्यांना ओळखते. दीपगृहातल्या भिंगाला चरा गेला तर ते दुरुस्तीला पाठवायचं, असा ह्यांचा नियम. माझे हात कळले असते तर दुसऱ्या दिवशी गाडी विकून मला मुलाकडे डोंबिवलीला डॉक्टरांच्या ताब्यात दिलं असतं. मग हे गॅलरीत बसून समोरच्या इमारतीतले दिवे मोजत बसले असते. ते मला बघवलं नसतं.

म्हणून मी एकच अट घातली. गाडीत मला रोज पहाटे पाच वाजता एक बादली कढत पाणी तयार मिळालं पाहिजे, मिळणार असेल तर मी येते. ह्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, सवय.

त्या दिवसापासून आमच्या अंगणात पाणी तापवण्याची शाळा भरली. पहिल्यांदा ह्यांचा मावसभाऊ बाबल्या आला. त्याचं नाक्यावर गॅरेज. त्याने गाडीच्या बॅटरीवर चालणारी एक कांडी बनवून दिली. ती बादलीत टाकली, पाणी जेमतेम कोमट झालं आणि बॅटरीने मान टाकली. दोन दिवस ट्यूब लागली नाही. ह्यांनी कागदावर हिशेब मांडला, तर एका बादलीला सहा पॅनेलं लागत होती आणि छपरावर दोनच मावत होती. दिव्याची वीज वेगळी आणि पाण्याची वेगळी, एवढं ह्यांना त्या दिवशी समजलं. आयुष्यभर ह्यांनी फक्त उजेड केलेला, ऊब कधी केली नव्हती.

मग गॅसचा गीझर निघाला. मुलाने चित्रांचा कागद पाठवला, मला तो आवडलासुद्धा. पण ज्योतीच्या बाबतीत हे फार कडक. बंद गाडीत ज्योत जळत राहिली तर झोपलेला माणूस उठायचा नाही, असं म्हणून तो कागद त्यांनी पॅनेल पुसायला घेतला. बाबल्याची पुढची सूचना होती इंजिनाच्या गरम पाण्यातून नळी फिरवायची. ते तापायचंही, पण पहाटे पाचला परक्या गावात इंजिन सुरू केलं तर गावकरी काठ्या घेऊन येतील, असं मीच म्हणाले. राहता राहिला स्टोव्ह. रॉकेलचा वास ह्यांना सोसत नव्हता. मला तर मिटलेल्या मुठींनी पंप मारताच आला नसता, आणि ह्यांना मारायला सांगायचं म्हणजे ह्यांच्यादेखत बादलीत हात बुडवायचे. स्टोव्हही बाद झाला.

शेवटी ऊनच कामाला लावायचं ठरलं. एक पत्र्याचा ड्रम काळा करून छपरावर ठेवायचा, दिवसभर तापेल. कल्पना चांगली होती. पण काळा करायला ह्यांनी काय घ्यावं? काजूच्या टरफलांचं तेल. होडीच्या लाकडाला लावतात तेच, घट्ट बसतं, पाण्याला दाद देत नाही. ते खरंच, पण ते कातडीला लागलं तर फोड येऊन उततं हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हे बाहीसुद्धा खाली न करता कोपरापर्यंत माखून घेऊन उतरले. आठ दिवस दोन्ही हात फोडांनी भरले होते. मी दिवसातून तीनदा खोबरेल लावत होते आणि त्या आठ दिवसांत घरात धडधाकट हात असे नव्हतेच. मला हसू यायचं आणि रडूही यायचं, पण कारण सांगता येत नव्हतं.

दुसरा ड्रम साध्या रंगाने काळा केला. त्याचं पाणी दुपारी चारला असं तापायचं की बोट घालवत नसे. पहाटे पाचला तेच पाणी विहिरीसारखं गार. जाडजूड पत्र्याचा तिसरा ड्रम आणला, तोही तसाच. ह्यांनी दीपगृहातल्यासारखी वही घातली होती. 'दुपारी ४, कढत. पहाटे ५, थंड.' पानंच्या पानं तेच. वैतागून म्हणाले, संध्याकाळी आंघोळ कर, अर्धं जग करतं. मी म्हटलं, पहाटे. दोन दिवस अबोला झाला.

एप्रिलात, आमच्या चार कलमांचे आंबे उतरवून झाल्यावर, हे म्हणाले एक रात्र तरी बाहेर काढून बघू. मालगुंडला गेलो. सुरूच्या बनाशेजारी गाडी लावली. संध्याकाळी बांगड्याचं कालवण केलं, ट्यूब लावली, हे दाराशी बसून लांबच्या बोटींचे दिवे ओळखून दाखवत होते. इतके आनंदात मी ह्यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

पहाट झाली आणि माझ्या मुठी वळलेल्या. ड्रमचं पाणी गारठलेलं. दाराला आतून एक घट्ट कडी होती, दवाखान्याच्या वेळची, ती मला मनगटाने निघेना. बाहेर पडून कुणाच्या घरी विस्तव मागावा म्हटलं तर तेही नाही. मी परत पांघरुणात शिरले आणि हात मांड्यांमध्ये दाबून झोपेचं सोंग घेतलं. ऊन तापून बोटं सैल होईपर्यंत, नऊ वाजेपर्यंत, मी तशीच पडून होते. ह्यांना काय वाटलं? ह्यांना वाटलं बायको पहिल्यांदाच निवांत झोपली. परतीच्या वाटेवर चार वेळा म्हणाले की ह्या गाडीत तुला झोप चांगली लागते. मी खिडकीबाहेर बघत होते. मनात ठरवून टाकलं होतं की उद्या सांगायचं, गाडी विका, मला नाही यायचं. कारण विचारलं तर समुद्राचा वारा बाधतो म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीत बघते तर विस्तव नाही. मालगुंडच्या रात्री आम्ही घरी नव्हतो, आणि परत आल्यावर पुरायचा राहून गेला. मग मी मागच्या खोलीत गेले. तिथे आंब्याची अढी घातलेली होती. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. पिकायला लागलेल्या आंब्यांची अढीत ऊब धरते, हे इथे जन्मलेल्या कुणालाही सांगायला नको. दर वर्षी त्या दिवसांत चूल पेटेपर्यंत मी तिथेच हात घालून बसायची. मी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पेंढ्यात खुपसले.

"काय शोधतेस गो?"

हे दारात उभे होते. बत्तीस वर्षं पहाटे दिवा मालवायला उठलेला माणूस, तो झोपणार किती? मी म्हटलं, पिकला का बघते. हे आत आले आणि माझ्यासमोर बसले. एक आंबा काढ बघू, म्हणाले. मला काढता येईना. मी मुठी बाहेर काढल्या आणि ह्यांच्यासमोर धरल्या. आणखी खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

ह्यांनी माझी मूठ हातात घेतली. अंगठ्याने एक बोट उघडायला बघितलं, मी कळवळले, तसं सोडून दिलं.

"किती वर्सां?"

"सात."

"आनी मला बोललीस नाय."

"बोलले असते तर तुम्ही गाडी विकली असतीत."

ह्यांनी माझ्या मुठीवरची पेंढ्याची काडी काढून टाकली. मग म्हणाले, "व्हय. विकली असती."

आणि मला काय वाटलं सांगू? राग आला, लाज वाटली, आणि ह्या दोन्हीच्या खाली इतकं मोकळं वाटलं की मी तिथेच पेंढ्यात रडायला बसले. सात वर्षं जी गोष्ट दोन हातांत घट्ट धरून ठेवली होती ती आता दुसऱ्या कुणालातरी माहीत होती. आता गाडी गेली तरी जाऊ दे, असंही वाटून गेलं.

ह्यांनी माझी समजूत वगैरे काढली नाही. ते ह्यांना येत नाही. हे माझ्याशेजारी बसले आणि फोडांचे डाग असलेला आपला हात त्यांनीही अढीत घातला, कोपरापर्यंत. तसेच बसून राहिले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही ऊब रात्रभर ऱ्हाते?"

मी नाक पुसत म्हटलं, रात्रभर कसली, आठ-दहा दिवस राहते, पेंढा ती सोडतच नाही.

"आनी मी येड्यासारखो ड्रम जाड करीत बसलो," असं म्हणून हे उठले. माझ्या हातांचं काय, दुखतात का, काही विचारलं नाही. आधी चूल पेटवून माझ्यासाठी पाणी ठेवलं आणि तडक अंगणात गेले.

दुपारपर्यंत आंब्याच्या दोन पेट्या जोडून एक खोकं तयार झालं. त्यात चारी बाजूंनी वीतभर पेंढा ठासला आणि मधे घट्ट झाकणाचा दुधाचा कॅन बसवला. चार वाजता छपरावरच्या ड्रममधलं कढत पाणी नळीने कॅनमध्ये उतरवलं, वर पेंढ्याची उशी दाबली आणि खोकं बाकाखाली सरकवलं. बाबल्या बघायला आला होता. त्याने विचारलं, दादा, आंब्याऐवजी पाणी पिकवताय काय? ह्यांनी उरलेला पेंढा त्याच्या हातात दिला. मला मात्र त्या दिवशी सगळ्याचंच हसू येत होतं.

त्या रात्री आम्ही गाडीतच झोपलो, आमच्याच अंगणात. पाचला हे उठले, ट्यूब लावली, खोकं ओढलं, झाकण काढलं. वाफ वर आली. ह्यांनी पाणी बादलीत ओतलं, बोट घालून बघितलं आणि बादली माझ्या पायाशी ठेवली. मला अवघडल्यासारखं झालं. कुणाच्या देखत मी हे कधी केलं नव्हतं. मग मी हात बुडवले. हे समोरच्या बाकावर बसून माझी बोटं बघत होते. आधी अंगठे सुटले, मग मधली बोटं, सगळ्यात शेवटी डाव्या हाताची करंगळी.

ह्यांनी वही काढून लिहिलं. मला दाखवायचं नव्हतं बहुतेक, पण मी मास्तरीण, उलटं वाचायला शिकलेली. लिहिलं होतं, 'पहाटे ५, पाणी कढत. ५.१४, सगुणाचे हात उघडले.' बत्तीस वर्षं ज्या अक्षरात दिव्याची वेळ लिहिली, त्याच अक्षरात.

वही मिटून हे म्हणाले, पावसाळा सरून दिवाळी झाली की निघू, आणि वाटेत कोल्हापूरला एका डॉक्टरला हात दाखवून पुढे जाऊ. मी बरं म्हटलं. बाहेर फटफटत होतं. हे दार उघडायला उठले, कडीपर्यंत गेले आणि थांबले.

"तू काढ," म्हणाले.

मी पदराला हात पुसले आणि कडी काढली.