सगळ्यांचं अंतरंग एका किटलीत

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची किटली आहे. तुम्हाला नाक असेल तर आधी ते धरा, मग पुढे वाचा. मला नाक नाही, आणि परवापरवापर्यंत मला त्याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. स्वतःचा जन्म कुणालाच आठवत नाही, त्यामुळे यात माझा दोष नाही. शुद्धीवर आले तेव्हा मी जुन्नरच्या बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानात उलटी टांगलेली होते. घोडेगावजवळच्या एका गावातली साळुबाई लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर बाजाराला आली होती. तिने ओळीतल्या सगळ्या किटल्या बोटाने वाजवून पाहिल्या आणि मला म्हणाली, "ही बोलती." तिचा नवरा हौशीराम म्हणाला, "मंग नको. घरात बोलणारं एक हाय." तरी तिने मलाच घेतलं.

साळुबाईचा नियम कडक होता. रोज राखेने घासायचं, कढत पाणी फिरवायचं, उन्हात पालथं घालायचं. आणि दुधाच्या भांड्याला मिठाचा हात लावायचा नाही. लावला तर म्हैस आटते, असं आमच्याकडे मानतात. भाजीत मीठ टाकल्यावर ती हात धुतल्याशिवाय माझ्याकडे बघतसुद्धा नसे. डेअरीवर झाकण उघडलं की दूध मोजणारा म्हणायचा, "मावशे, तुझ्या किटलीला वासच न्हाई राव!" मित्रांनो, मी इतकी वर्षं फक्त या एका वाक्यावर जगले.

माझ्यात दूध यायचं ते पुतळीचं. पुतळी ही म्हैस. साळुबाईच्या माहेरून, आहुप्याहून, पारडी असताना आलेली. ती साळुबाईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे. हौशीराम जवळ गेला की ती त्याच्याकडे अशी बघायची, जशी मी आता सगळ्या मनुष्यजातीकडे बघते.

एकदा साळुबाई पुतण्याच्या लग्नासाठी माहेरी गेली. हौशीरामला शर्यतीच्या बैलांचा लई नाद. त्या आठवड्यात त्याने पुतळीला बाजारात नेऊन विकलं आणि मित्राबरोबर शर्यतीच्या एका बैलात वाटा घेतला. तो बैल जत्रेत घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, उभा राहिला. गाडा जुंपला, भंडारा उधळला, निशाण पडलं आणि बैल खाली बसला. तो रवंथ करायला लागला. लोक अजूनही ती शर्यत विसरलेले नाहीत, कारण अशी शर्यत त्यांनी आधी पाहिलेलीच नव्हती.

इकडे साळुबाईचा फोन आला. "पुतळी काय करतीया?"

हौशीराम घाबरला. घाबरलेला माणूस आमच्या भागात एकच नाव घेतो. तो म्हणाला, "बिबट्यानं नेली."

"म्हैस? आख्खी?"

"मोठा व्हता."

आमच्याकडे उसात बिबटे आहेत, त्यामुळे कुणालाही शंका आली नाही. वनखात्याने पिंजरा लावला. त्यात दोन दिवसांनी खरंच एक बिबट्या सापडला. त्या बिचाऱ्याने आयुष्यात म्हैस जवळून पाहिली नसेल. त्याला गाडीत घालून लांब सोडलं. नुकसानभरपाईचं विचारलं तर हौशीरामने मान खाली घातली आणि म्हणाला, "नको. जनावर गेलं, आता काय करायचं." गावाला वाटलं, माणूस किती विरक्त!

साळुबाई रडली नाही. गेलेल्याच्या नावाने आवडीचा एखादा पदार्थ सोडायची रीत आहे. कुणी आंबा सोडतं, कुणी वांगं. साळुबाईने पुतळीच्या नावाने दूध सोडलं. घरात नंतर जर्सी गाय आली, मी रोज दुधाने भरत होते, आणि ते दूध काढणारी बाई पायरीवर बसून काळा चहा पीत होती. हौशीराम समोर बसायचा. तिने घोट घेतला की यालाच ठसका लागायचा. हळूहळू त्याची भाकरी कमी झाली. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. मला ठाऊक होतं ते काय आहे, पण किटलीला विचारतो कोण?

मग आला समर्थ. समर्थ गावातलाच. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करायचा. तिथे त्याला स्वतःचा शोध लागला आणि त्याची नोकरी गेली. यातलं आधी काय झालं ते नक्की माहीत नाही. आता तो लेण्याद्रीच्या पायथ्याशी एका आमराईत अंतर्यात्रेची शिबिरं घेतो. तो हौशीरामला म्हणाला, "काका, आत साचलंय. बाहेर काढा. मोकळे व्हाल."

हौशीरामला ते पटलं. कोमट मिठाचं पाणी पोटभर प्यायचं आणि ओकून टाकायचं, म्हणजे आतली घाण निघते, असं समर्थने समजावलं. प्रत्येकाने येताना आपापलं भांडं आणायचं होतं. लोकांनी तांबे आणले, प्लास्टिकचे मग आणले, एका ताईंनी बाळाचा टब आणला. हौशीरामने मला नेलं. घरी सांगितलं, शेतकरी मेळाव्याला चाललोय, दुधाचं बक्षीस देणार आहेत.

समर्थ माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, एवढी मोठी कशाला?"

हौशीराम गंभीरपणे म्हणाला, "माझं तांब्यात मावायचं न्हाई."

समर्थच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने सर्वांना हाक मारली. "साधकहो, हा भाव बघा! आज सगळ्यांनी काकांच्याच पात्रात रिते व्हायचं!"

मित्रांनो, पुढचा भाग जेवताना वाचू नका.

मी आत्मशोध म्हणजे काय ते तळापासून पाहिलं आहे. माणसाच्या अंतरंगात पोहे असतात. शेंगदाणे अख्खे असतात, म्हणजे लोक चावत नाहीत. एका गृहस्थांच्या अंतरंगात आदल्या रात्रीचं चिकन होतं. शिबिरात मांसाहार बंद होता, पण त्यांचा शोध बहुधा ढाब्यावरून सुरू झाला होता. एक ताई माझ्यावर वाकल्या, आत बघून म्हणाल्या, "हे मी आहे?" त्यांना तिथेच साक्षात्कार झाला. मला झाला नाही. मला फक्त शिसारी आली. आणि मीठ! माझ्या सांध्यासांध्यात, कडीच्या बुडात, झाकणाच्या वळीत मीठ!

शेवटी हौशीराम आला. तो प्यायला, वाकला, बोटं घातली. पाणी आलं. नुसतं पाणी. जे यायचं होतं ते घशापर्यंत आलं आणि परत खाली गेलं. मला स्पष्ट कळलं.

"कसं वाटतंय, काका?" समर्थने विचारलं.

"हलकं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला हार घातला आणि माझ्यासकट त्याचा फोटो काढला. आमराईतल्या नळावर त्याने मला दोनदा विसळलं. दोनदा! साळुबाई माझ्यातून नुसतं पाणी नेलं तरी चारदा विसळते.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. धारेची वेळ झाली होती. साळुबाईने झाकण काढलं आणि झटकन तोंड बाजूला केलं.

"ह्ये काय?"

"काय?"

"माझ्या किटलीत काय घातलंत?"

"मेळाव्यात ताक वाटलं."

तिने बोट आत फिरवलं, जिभेला लावलं आणि थुंकली. ती लोखंडासारखी थंड झाली. "मीठ. अवो, तुमी माझ्या दुधाच्या किटलीत मीठ घातलं? आन ह्यो वास तर... ह्यात कुणी वकलंय का?"

"मीच," हौशीराम म्हणाला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "आन बाकीचे."

तिने मला मोरीवर नेलं. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि कोपरापर्यंत हात घालून घासायला लागली. हौशीराम मागे उभा. तिने वर न बघता विचारलं, "कशापायी?"

"आत लई साचलं व्हतं."

"मंग निघालं का?"

ती घासतेय. तळाच्या गोल सांध्यात तिचं नख फिरत होतं, तिथे अजून एक शेंगदाणा होता. तो निघायच्या आधीच हौशीराम बोलला.

"पुतळीला बिबट्यानं न्हाई नेली. मीच इकली. बैलासाठी."

हात थांबला. मोरीत पाणी वाहत राहिलं.

"जो बसला त्यो बैल?"

"त्योच."

"म्हंजी ती जिती हाय?"

"ओतूरला हाय. एका गोठ्यात. मी लांबून बघून आलो एकदा."

मग साळुबाई उठली. राखेचे हात तसेच.

"मेलेल्याच्या नावानं सोडत्यात. म्या तिच्या नावानं दूध सोडलं, आन ती तिकडं रवंथ करतीया. आता तुमी सांगा, तुमच्या नावानं काय सोडू? तुमी तर माझ्यासाठी आत्ता मेला."

हौशीराम खालच्या आवाजात म्हणाला, "काय बी सोड. मला सोडू नको."

"बघू," ती म्हणाली. "गाडी काढा. आधी तिला बघायचंय."

दोघे तसेच गेले. मी मोरीत अर्धी घासलेली पडून राहिले. अंधार पडल्यावर दोघे परत आले. साळुबाई पायरीवर बसली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "तुमी गाडीपाशीच थांबला, पर मला वळखलं तिनं. हाकेबरुबर हंबरली. त्या गोठेवाल्यानं तिथंच चहा केला, पुतळीच्या दुधाचा. म्या घेतला."

हौशीराम दारातच खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. नाकातून, डोळ्यांतून, सगळीकडून. या खेपेला त्याला कोमट पाणी प्यावं लागलं नाही. साळुबाईने त्याला उठवलं नाही आणि ती आतही गेली नाही. तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तो देवळापाशी जाऊन गावालाही खरं सांगून आला. पोरं आता त्याला 'बिबट्या' म्हणतात. तो ओ देतो.

माझं म्हणाल, तर मला अजून दुधाला घेत नाहीत. रोज राख, रोज ऊन, आणि रोज संध्याकाळी साळुबाई हात घालून बघते आणि म्हणते, "अजून हाय." मला माझा तळ दिसत नाही, त्यामुळे तिच्या हातावर विश्वास ठेवावा लागतो. मित्रांनो, तुमच्याही आत काही साचलं असेल तर ते ज्याचं आहे त्याच्यासमोर बसून बोला. तो तुम्हाला घासेल. घासू द्या. आणि एवढं जमत नसेल, अगदीच उलटी करायची असेल, तर कृपा करून स्वतःचा तांब्या न्या.