साखर तपासणीच्या अक्षता

गोवर्धनचा यात फायदा काय होता ते आधी मांडून टाकू, म्हणजे त्याच्या समाजसेवेवर पुढे कुणाचा उगाच विश्वास बसायला नको. मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या एका आरोग्य कार्यालयात तो कितीतरी वर्षं कारकून होता. पंखा साहेबांकडे तोंड करून फिरायचा; गोवर्धनच्या वाट्याला त्याचा नुसता आवाज. १९८४ साली स्वीडनहून प्रोफेसर विंकेल रक्तातली साखर मोजायचं मोठं यंत्र घेऊन आले. यंत्राला थंड खोली लागायची. पाहुणे गेल्यावरही मधुमेहाचं संशोधन आपल्या बळावर चालवू, असं बेटावरच्या माणसांनी दाखवून दिलं तर यंत्र इथेच राहणार, केंद्र कायमचं होणार आणि गावोगाव माणसं जमवणाऱ्याला त्याच थंड खोलीत खुर्ची मिळणार. नाही जमलं, तर यंत्र बोटीत, प्रोफेसर विमानात आणि गोवर्धन पुन्हा पंख्याच्या आवाजात. शिवाय मेहुणा जयराम बँकेतल्या गारव्यात बसायचा आणि दर सणाला, "आमच्याकडे स्वेटर लागतो बरं का भावोजी," असं ऐकवायचा. त्याचं तोंड बंद होणार, हा वरचा नफा.

परीक्षेला गाव निवडलं रोझ बेलजवळचं, गोवर्धनचंच. साठीपुढच्या चाळीस जणांची नावं सोडत काढून ठरली होती. शनिवार-रविवार तपासणी, आणि रविवारी स्वतः प्रोफेसर बघायला येणार.

"काका, ज्याचं नाव निघालं तोच माणूस हवा," डॉक्टर कामिनीने बजावलं. ती नुकतीच परदेशात शिकून आलेली, केंद्र निघालं तर त्याची प्रमुख.

"तू निर्धास्त राहा पोरी. मराठी मंडळाचा चिटणीस आहे मी. आपल्या माणसांना सरकारी चिठ्ठी पाठवली तर ती चुलीत जाते. आपण आपल्या रीतीने बोलावू."

आणि बोलावलं. बायकोला, विद्यावतीला, बरोबर घेऊन, हातात कुंकू आणि पिवळ्या अक्षतांची वाटी धरून तो चाळीस घरं फिरला. "शनिवारी सकाळी देवळाच्या हॉलमध्ये. रिकाम्या पोटी. अगत्य असू द्या." एकाही घराने नाही म्हटलं नाही. गोवर्धन त्या रात्री खुर्चीची गादी मऊ असावी की कडक, याचा विचार करत झोपला.

शनिवारी हॉल भरला. कामिनीने पहिलं नाव पुकारलं, "इंद्रदेव, वय बहात्तर!"

डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई उठली. पोट चांगलं सात महिन्यांचं.

"इंद्रदेवआजा कुठे आहेत?"

"घरी. पाय दुखतात त्यांचे. मी आलेय ना घरातून."

"अगं, पण रक्त त्यांचं हवं!"

"आमच्या घराचंच रक्त आहे की यात," सुनेने पोटावर हात ठेवला.

पुढचं नाव कुंती, वय अडुसष्ट. उठला तिचा मिशाळ नातू. "नानीने सांगितलंय, तोंड दाखवून ये. कोरेक? चालेल ना?"

अजिबात कोरेक नव्हतं. अक्षता आल्या म्हणजे कार्य, आणि कार्याला घरातून एक माणूस गेलं की हजेरी लागली, हे या गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक. ज्याला सवड होती तो आला होता. दोघांनी तर येताना आहेराची पाकिटंही आणली होती.

कामिनीने गोवर्धनला खांबाआड ओढलं. "काका, ही माणसं तपासली तर बहात्तर वर्षांचा पुरुष गरोदर आहे असं जगाला कळवावं लागेल. उद्या प्रोफेसर हे बघणार. यंत्र गेलं म्हणून समजा!"

गोवर्धनने सगळ्यांना हात जोडून घरी पाठवलं आणि स्वतः पायरीवर बसून राहिला. विद्यावती वाटी विसळत म्हणाली, "अहो, लग्नाला सून पाठवतात. पण शाल-नारळ घ्यायला कधी कुणी सून पाठवली आहे?"

गोवर्धन ताडकन उठला. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा चाळीस दारं फिरला. या वेळी वाटी नव्हती, आवाज खाली होता. "उद्या मंडळातर्फे तुमचा सत्कार आहे. आधी थोडं रक्त घेतील, मग शाल. उपाशी पोटी, चहासुद्धा नको."

"माझा सत्कार?" इंद्रदेवआजा पाय दुखायचे विसरून उभे राहिले. "कशाबद्दल?"

"सोडतीत नाव निघाल्याबद्दल."

"निघणारच!" म्हणाले आजा.

नारळ गावात मिळाले. शालींचं काय? गोवर्धनने घरी येऊन विद्यावतीच्या ट्रंकेकडे पाहिलं. विद्यावतीने गोवर्धनकडे पाहिलं.

"शाली तेवढ्या खांद्यावर घालू, फोटो काढू आणि पडद्यामागे परत घेऊ," त्याने शब्द दिला.

रविवारी उजाडायच्या आत एकूणएक म्हातारा हजर. कोट, टोप्या, नाकात नथी. सुई टोचताना कुणी हूं की चूं केलं नाही. समोर शाल दिसत होती. प्रत्येकाने सत्काराला उत्तर दिलं. कुंतीनानी तर दंडावर कापूस दाबून आठवणी सांगत थेट सासूपर्यंत मागे गेली. सोडतीत नाव नसलेला प्रेमचंद दारात अडून बसला होता. "माझ्या रक्तात काय कमी आहे?" त्याला नारळ दिला तर तो खवळला, "फुकटचं नको! आधी टोच!"

पडद्यामागचा बेत मात्र फसला. "सत्काराची शाल परत मागतोस? बोलोमला, म्हाताऱ्या माणसाला लुबाडतोस?" असं इंद्रदेवआजांनी माईकसमोरच विचारलं. ते पाहून कुणीच शाल सोडेना. ट्रंकेतल्या शाली संपल्या, शेले संपले, मग साड्या, मग पलंगपोस. शेवटच्या दोघांच्या खांद्यावर विद्यावतीच्या दिवाणखान्याचे पडदे गेले, कड्यांसकट.

प्रोफेसर आले. चाळीस नावं, चाळीस माणसं, चाळीस नळ्या, आणि बाहेर रक्त द्यायला भांडणारा एक ज्यादा. असं त्यांनी कुठेच पाहिलं नव्हतं. गहिवरून त्यांनी कामिनीचा हात हातात घेतला. त्यांचाही सत्कार करणं भाग होतं. ट्रंकेच्या तळाशी राहिलेला, विद्यावतीच्या लग्नातला जरीचा शेला त्यांच्या गळ्यात पडला आणि विमानाने स्वीडनला गेला.

यंत्र राहिलं. केंद्र कामिनीने सुरू केलं. गोवर्धनला खुर्ची मिळाली. बातमी पार उत्तरेकडच्या तेर रूज गावापर्यंत पोचली आणि शाल नाही तर रक्त नाही, असं गावोगाव ठरून गेलं. मग प्रोफेसरांचा अहवाल आला. गोवर्धनने तो घरी मोठ्याने वाचून दाखवला: बाहेरून दमडी न घेता, केवळ स्थानिक साधनांवर संशोधन कसं कायम चालू ठेवावं, हे इतर देशांनी या बेटाकडून शिकावं.

विद्यावती उघड्या खिडकीशी नुसत्या परकरावर उन्हात उभी होती. उरलेली एकुलती एक साडी दोरीवर वाळत होती.

तेव्हा हिशेब असा, की रक्त म्हाताऱ्यांनी दिलं, खोली सरकारने दिली, यंत्र प्रोफेसरांनी दिलं, आणि स्थानिक साधनं विद्यावतीने.