सातवी गोळी

परातीत उरलेलं शेवटचं पीठ.

काळी पूड. लसणासारखा वास.

दौंडच्या रेल्वे चाळीतून आलेलं पोस्टकार्ड.

खुंटीला साखळी, दोन वर्षं रिकामी.

सात.

खुटबावात सोजरबाई भाकरी झाल्या की परात खरवडायची. निघेल त्या पिठाची गोळी निखाऱ्यात भाजून कुत्र्याला द्यायची. वाघ्या त्या गोळीसाठी उंबऱ्याशी बसून राही. त्र्याहत्तर साली उंदीर फार झाले, तेव्हा तिनं तसल्याच पिठात औषध नि गूळ कालवून गोळ्या ठेवल्या. वाघ्याला वाटलं आपलीच. संध्याकाळपर्यंत गेला.

पंचाहत्तरात पुन्हा उंदीर. सोमवारी तिनं पुन्हा गोळ्या ठेवल्या. घरात कुत्रा नव्हता.

बुधवारी कार्ड आलं. नवऱ्यानं, भिमाजीनं, वाचून दाखवलं. तिचा भाऊ चांगदेव रेल्वेत खलाशी, त्याची मनमाडला बदली झाली होती. माझ्या राजा कुत्र्याला गुरुवारी दुपारच्या पॅसेंजरनं आणून सोडतो.

"गोळ्या," ती म्हणाली.

"किती हायत?"

"सात."

कणगीमागं दोन. माळ्यावर दोन. मोरीपाशी एक. उतरंडीखाली एक. जात्यामागं ठेवलेली तिथं नव्हती.

भांडी अंगणात आली. कणगी सरकली. भिमाजीनं पहारीनं बिळं उकरली, काचा नि माती ठासून बुजवली. सोजरबाईनं भुई सारवली.

शेजारची धुरपदा कुडावरून बघत होती. "काय गं, जावई यायचाय का?"

"कुत्रं यायचंय."

"मला कवा पाट दिला न्हाई बसाया, आन् कुत्र्यासाठी घर सारवती!"

गुरुवारी चांगदेव आला. राजा दोरी ओढत थेट दाराकडं निघाला. सोजरबाई दारात आडवी उभी राहिली.

"आत न्हाई. इखाची येक गोळी गावंना."

"आक्का, उंदरानं नेली आसंल की."

"आसंल," भिमाजीही म्हणाला.

"तवाबी तुम्ही आसंलच म्हनला व्हता. वाघ्यानं गवत खाल्लं आसंल, वकून बरा हुईल."



तिनं तीन दगड लिंबाखाली मांडले, परात, पीठ, तवा बाहेर आणला. साखळी खुंटीवरून काढून लिंबाला बांधली. भाकरी झाल्यावर सवयीनं परात खरवडली, गोळी वळली. हातातल्या गोळीकडं बघितलं आणि चुलीत टाकली. मग आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा मोडून राजापुढं धरला. त्यानं हुंगला, खाल्ला.

"असं किती दिस भाईर रांधनार?" भिमाजीनं विचारलं.

"गोळी गावंस्तवर."

त्यानं आपलं ताट उचलून लिंबाखाली आणलं.

सातवी गोळी खाऊन उंदीर मंगळवारीच धुरपदाच्या भिंतीत मेला होता.