तिसरीचं नाव

माझं कागदोपत्री नाव शेफाली. ते मी बाविसाव्या वर्षी राजपत्रात छापून घेतलं. त्याआधी मी नकुशी होते. धायरीत आमच्या घरी तिसरीही मुलगीच झाली की हे नाव ठेवायचे, म्हणजे पुढे मुलगा होतो म्हणे. माझ्या पाठीवर ऋषी झाला. झालं, सगळ्यांची खात्रीच पटली.

आता मी सदाशिव पेठेत चिनी भाषेचे क्लास घेते. मला चिनी शिकवणाऱ्या बाईचं नाव लाईदी, म्हणजे 'धाकट्या भावा, ये'. तिच्या गावात मुलांच्या नावात पराक्रम, मुलींच्या नावात फुलं, आणि काही मुली नुसत्याच भावाला धाडलेलं आमंत्रण. फोनवर आम्ही दोघी यावर हसायचो. दुसरं काय डोंबल करणार?

गेल्या महिन्यात ऋषीला तिसरी मुलगी झाली. आईने फोनवर सांगितलं, रविवारी बारसं आहे आणि नाव तृप्ती ठरलंय. आता आपण शिकलेली माणसं, नकुशी थोडंच ठेवणार? तृप्ती म्हणजे देवाला सांगायचं, मुलींनी पोट भरलं, आता पुरे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी आहे. मनात म्हटलं, बघतेच.

रविवारी पाळण्यावर वाकले, कुर्रर्र केलं आणि पोरीच्या कानात उत्कर्षा सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाधप बुक्के घातले. मग तेच नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यांदा म्हटलं. आईचा चेहरा पडला. ऋषी मात्र थंडपणे म्हणाला, हौस फिटली असेल तर जेवायला बसा, जन्मदाखल्यावर तृप्ती लागून आठवडा झाला.

मी कसली ऐकते! पोरीला पाजायला आत गेलेल्या भावजयीला, ऋतुजाला गाठलं. इंजिनिअर बाई, ही तरी माझ्या बाजूने उभी राहील. तिला म्हटलं, दाखल्यावरचं नाव बदलता येतं, अर्ज मी लिहिते, तू फक्त सही कर.

ती पोरीचं टोपरं सारखं करू लागली.

"ताई, ते नाव मीच सुचवलंय."

मी पलंगाच्या कडेला टेकले.

"तीन सिझर झालीत माझी. मुलगा झाल्याशिवाय या घरात कुणी थांबणार नाही. पुढच्या खेपेला मुलगी झाली, तर पाचव्यांदा मी जगायची नाही. नावाने खरंच काही होत असेल, तर होऊ दे ना."

तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि तिला जवळ घेऊन रडावंसंही वाटलं. यातलं काहीच केलं नाही. पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती. दार लोटून बाहेर आले, तर आईने विचारलं, तृप्ती झोपली का?

"हो," मी म्हणाले, "तृप्ती झोपली."