नळी कापलेले फोटो

स्वप्निलने आधी फोटोतली नळी कापली, मग बोल्ट, मग ट्रिगर. स्क्रीनवर नुसता लाकडी दस्ता उरला, तो मोठा करून त्याने वडिलांसमोर धरला.

"आबा, हे लाकूड कसलं?"

यादवरावांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. पुण्याच्या आयटीआयमध्ये त्यांनी एकतीस वर्षं सुतारकाम शिकवलं होतं. तीन महिन्यांसाठी म्हणून ते वॉलॉंगॉंगला मुलाकडे आले, विमानं बंद झाली आणि दीड वर्ष झालं तरी इथेच होते. एवढ्या काळात त्यांनी या भाड्याच्या घरातलं एकूण एक दार तासून सरळ केलं. आता दारं संपली होती, त्यामुळे लाकडाचा नुसता फोटो दिसला तरी त्यांची कळी खुलायची.

"अक्रोड नव्हे हे. साधं लाकूड, वरून अक्रोडाचा रंग फासलाय. रेषा बघ, एक धड नाही. कशाचा पाय म्हणालास?"

"टेबलाचा."

"असं तिरकं टेबल कोण घेतं?"

"इथले लोक घेतात."

"घेत असतील," आबा म्हणाले. ज्या देशात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, तिथल्या लोकांबद्दल त्यांनी आश्चर्य वाटून घेणं कधीच सोडलं होतं.

स्वप्निलने वहीत लिहिलं: स्टॅंडर्ड.

दुसऱ्या लॉकडाउनमध्ये हॉटेल बंद झालं आणि स्वप्निलची मॅनेजरकी गेली. पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या फाइलसाठी तर नोकरीचं पत्र हवंच होतं. शेवटी काम मिळालं ते लीनाच्या दुकानात. लीना साठीची, इटालियन आईबापांची पोर, आणि तिचं दुकान शिकारीच्या रायफलींचं. पोलिसांची परवानगी यायची होती, तोवर स्वप्निलने रायफलीला बोटही लावायचं नव्हतं. घरी बसून फक्त मेल बघायचे. जुनी रायफल विकणारे शेतकरी फोटो पाठवत, आणि ती कोणत्या दर्जाची हे त्याने ठरवायचं.

"रायफल तीच, मेट," लीनाने फोनवर समजावलं होतं. "नळी तीच, बोल्ट तोच, गोळी तेवढीच लांब जाते. फरक लाकडाचा. स्टॅंडर्ड, कस्टम, डीलक्स. एकदा नजर बसली की लहान मूलही सांगेल."

स्वप्निलची नजर काही बसेना. त्याला तिन्ही तपकिरी दिसायच्या. दोनदा त्याने रंग फासलेलं स्टॅंडर्ड डीलक्स म्हणून पास केलं, आणि दोन्ही वेळा लीनाला गिऱ्हाइकाची माफी मागावी लागली.

"हे वीस फोटो घे," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत सांग. एक जरी चुकला, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. सॉरी."

आता लाकडातला जाणकार घरातच बसलेला, पण त्याला विचारायचं कसं? आबा साखरेच्या डब्यातल्या मुंग्या कागदावर घेऊन अंगणात सोडणारे. रोज सकाळी पंचशील, आणि त्यातलं पहिलं शील प्राणिहत्या न करण्याचं. त्यात भर म्हणजे दर रविवारी ते झूमवर अष्टांगिक मार्गावर बोलत. वॉलॉंगॉंग ते ब्लॅकटाउन चाळीस घरं ऐकायला बसायची. आठ अंगं, आठ रविवार. येत्या रविवारी पाचवं अंग होतं, सम्यक आजीविका. पोटासाठी कोणते पाच व्यापार करू नयेत, हे बुद्धाने स्पष्ट सांगून ठेवलंय, आणि त्या यादीत पहिलं नाव शस्त्रांचं आहे. म्हणून स्वप्निलने आबांपुरतं लीनाचं दुकान फर्निचरचं करून टाकलं होतं.

शुक्रवारी दुपारपर्यंत एकोणीस फोटो झाले, तिन्ही दर्जांची नावंही आबांना पाठ झाली. लाकडावर यंत्राने दाबलेली नक्षीची जाळी आणि हाताने कोरलेली जाळी यांतला फरक आबांनी त्याला इतका समजावला, की शेवटचे चार तर त्याचे त्यानेच ओळखले. त्या आनंदात विसावा फोटो कापायचा राहिला.

फोटोत एक शेतकरी गाडीच्या मागच्या फळीवर बसला होता. मांडीवर आडवी रायफल, पायाशी मेलेलं रानडुक्कर, चारी पाय वर.

आबांनी फोन हातात घेतला. डुकराकडे पाहिलं, मग शेतकऱ्याकडे. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"अस्सल अक्रोड," आबा म्हणाले. "जाळी हाताने कोरलीय. टोकाला काळं लाकूड वेगळं बसवलंय. लिही, डीलक्स."

फोन टेबलावर ठेवून ते आत गेले.

संध्याकाळी लीनाचा मेसेज आला: वीसपैकी वीस, सोमवारी पत्र देते. स्वप्निलने तो दोनदा वाचला आणि आनंद झालाय का ते चाचपून पाहिलं. झाला नव्हता.

शनिवारी संध्याकाळपर्यंत आबा फक्त दोन शब्द बोलले, तेही मिठासाठी. रात्री जेवताना स्वप्निलने विषय काढलाच.

"आबा, इथे ही डुकरं अख्खं पीक उलथून टाकतात. लायसन्सशिवाय रायफल कुणाला मिळत नाही. आणि मी तर हातही लावत नाही."

"मी काही विचारलं का?"

यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याला विलासकाका आठवले. त्यांनी परमिट रूम काढली, तेव्हा ते समोर पहिल्या रांगेत बसलेले असताना आबांनी विहारात माइकवरून त्यांचं नाव घेतलं होतं. सख्खा भाऊ. त्याला नऊ वर्षं झाली, आणि काका अजून आबांचा फोन उचलत नव्हते.

रविवारी लॅपटॉप सांभाळायचं काम नेहमीप्रमाणे स्वप्निलकडेच. पळायला जागा नव्हती. ब्लॅकटाउनच्या मीनाक्षीताईंनी सगळ्यांना जय भीम केला, वंदना झाली आणि आबांनी घसा साफ केला.

"पाच व्यापार वर्ज्य आहेत. आज आपण यादी शेवटाकडून घेऊ."

स्वप्निलने चमकून पाहिलं. आबांनी आयुष्यात काही शेवटाकडून घेतलं नव्हतं. ते वर्तमानपत्रसुद्धा पहिल्या पानापासून ओळीने वाचायचे.

शेवटचा व्यापार विषाचा. विषावर ते बारा मिनिटं बोलले, त्यात उंदराच्या गोळ्याही आल्या. मग मद्य. काकांचं नाव निघालं नाही. मग मांस. मग माणसांची खरेदी-विक्री. किरण नावाच्या एका विद्यार्थ्याने मध्येच भलताच प्रश्न विचारला. एरवी आबांनी त्याला दोन वाक्यांत गप्प केलं असतं. आज त्याचं पार समाधान होईपर्यंत उत्तर दिलं. स्वप्निलची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर होती. फुकटचं झूम चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडतं.

"सर, दोनच मिनिटं राहिलीत," मीनाक्षीताई म्हणाल्या. "आणि एक व्यापार राहिला."

"हो, राहिला. सगळ्यात महत्त्वाचा."

आबांनी पाण्याचा पेला उचलला. घोट घोट करत पूर्ण संपवला. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने एक काच पुसली, उजेडात धरून पाहिली आणि दुसरी पुसायला घेतली. चाळीस घरं शांतपणे वाट बघत होती.

"तर," आबा म्हणाले, आणि स्क्रीन गेला.

आबांनी चष्मा घातला.

"परत लिंक पाठवू?" स्वप्निलने विचारलं. "सगळे येतील."

"नको. लोकांची जेवणं व्हायचीत."

"मग राहिलेलं पुढच्या रविवारी घेणार?"

"पुढच्या रविवारी सहावं अंग आहे." आबांनी लॅपटॉप स्वतःच मिटला. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, "हॉटेलं कधी उघडणार म्हणालास?"