प्रत्येक नगाला चिठ्ठी

शिंप्याला लोक मास्तर म्हणतात, त्यासाठी शाळेची पायरी चढावी लागत नाही. पण साठी उलटल्यावर मास्तर खरोखरच शाळेत जाऊन बसले, आणि तेही कॉम्प्युटरच्या. वर्गात सगळी विशीतली पोरं. शिंगं मोडून वासरांत शिरणं म्हणतात ते हेच.

"काका, नाव काय लिहू?" शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं.

"मास्तर लिहा."

"मग मला काय म्हणणार तुम्ही?"

"मॅडमच. एका वर्गात दोन मास्तर कशाला? भांडणं होतील."

पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. ते टाइमपास करायला आले नव्हते. त्यांना एकच प्रोग्रॅम लिहायचा होता आणि तो त्यांना कुणालाही दाखवायचा नव्हता.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या गळ्यात गाठ निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, जीव बहुतेक वाचेल, आवाज मात्र जाईल. दुसरी कुणी असती तर रडत बसली असती. हिने दुकानाच्या हिशेबाचा कॉम्प्युटर घरी आणायला लावला. ऑपरेशनच्या आधी दुपारी दार लावून बसायची आणि रोज लागणारी वाक्यं स्वतःच्या आवाजात भरून ठेवायची. मग ऑपरेशन झालं, गळ्याला नळी आली आणि नळी असतानाच बाई मोबाइलवर धडे बघून प्रोग्रॅम लिहायला शिकली. एका बटणाला एक वाक्य. कीबोर्डच्या बटणांवर तिने दुकानातल्या चिंध्यांचे रंगीत तुकडे चिकटवले होते. तांबडा दाबला की "दुखतंय", पिवळा दाबला की "अहो, चहा गार होतोय". एक बटण नुसतं "मान वर करा जरा" म्हणायचं, कारण मास्तर घरीसुद्धा मान खाली घालून शिवत बसायचे. "हो" तिने तीन प्रकारचे भरले होते: साधा, वैतागलेला आणि लाडातला.

एकदा मास्तरांनी विचारलं, "लाडातल्या 'हो'ला बटण कशाला वाया घालवलंस?" तिने लगेच वैतागलेला दाबला.

जीव वाचला नाही. दीड वर्ष मिळालं, तेवढंच. ती गेल्यावर मास्तर दुकानातून यायचे, चपला काढायचे आणि पिवळं बटण दाबायचे. ती म्हणायची, "अहो, चहा गार होतोय." मग मास्तर उठून चहा टाकायचे. उलटं झालं होतं खरं, पण चालत होतं. लेक एकदा आली असताना त्यांनी तिच्यासमोरच बटण दाबलं, तर ती ताडकन उठून बाहेर गेली.

"बाबा, बंद करा ते. आई गेली. मशीनमधून बोलावू नका तिला."

"मी कुठे बोलावतोय? ती आपणहून बोलते."

"मग मी येणार नाही." आणि खरंच तिचं येणं कमी झालं.

तेवढ्यात तो जुना कॉम्प्युटर बसला. दुरुस्ती करणाऱ्याने आतलं सगळं काढून नव्या लॅपटॉपमध्ये भरून दिलं. वाक्यं आली, पण प्रोग्रॅम चालेना. पडद्यावर तांबड्या ओळी यायच्या.

"काका, आवाजाच्या फाइली सगळ्या शाबूत आहेत," तो म्हणाला. "प्रोग्रॅम जुन्या पद्धतीचा आहे, नव्याने लिहावा लागेल. मी देतो लिहून. आत काय आहे ते एकदा ऐकावं लागेल मला."

"नको," मास्तर म्हणाले.

"बरं, निदान पेनड्राइव्हवर एक कॉपी देऊन ठेवू?"

"तिची कसली कॉपी?" मास्तर म्हणाले. त्यांना ते बायकोची झेरॉक्स काढल्यासारखं वाटलं. जुनं मशीन दुरुस्तीवाल्याने भंगारात टाकलं.

आता फाइलीवर क्लिक केलं की गाणी वाजवायची खिडकी उघडायची आणि तिच्यातून बायको बोलायची. पण एक वाक्य संपलं की ती थांबायची नाही, लगेच पुढचं सुरू. "अहो, चहा गार होतोय. दुखतंय. हो. दार लावून घ्या. हो. हसू नका. नाही." सगळं एका दमात. आयुष्यभर मोजून बोललेली बाई भ्रम झाल्यासारखी बडबडायची आणि मास्तर धावत जाऊन आवाज बंद करायचे. त्यांना ती पूर्वीसारखी हवी होती. विचारलं की एक वाक्य बोलणारी, आणि मग गप्प.

परक्याने तिचं घरातलं बोलणं ऐकायचं नाही. लेक ऐकणार नाही. उरलं कोण? म्हणून मास्तर वर्गात बसले.

पहिले आठवडे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एक कंस राहिला की सगळा प्रोग्रॅम अडायचा. शर्टाचं एक बटण राहिलं म्हणून शर्ट अंगात जाणार नाही असं कुठे असतं का? मास्तरांनी तसं बोलूनही दाखवलं.

"मास्तर, या शर्टाचं असंच असतं," मॅडम म्हणाल्या. "एक बटण राहिलं की तो घालूच देत नाही."

शेजारचा पोरगा सगळं झटकन संपवून मोबाइल बघत बसायचा. मास्तर एका बोटाने अक्षरं शोधायचे. घरी येऊन तेच परत करायचे आणि तांबडी ओळ आली की डोकं धरून बसायचे. हिने हे सगळं गळ्यात नळी असताना केलं, आणि मला धडधाकट असताना जमत नाही, हा विचार त्यांना सुईसारखा टोचायचा. मग लूप आला. एकच काम प्रत्येक फाइलीवर करायचं, फाइली संपेपर्यंत. हे मात्र त्यांना एका झटक्यात कळलं. शर्टाच्या बटणांची काजं करताना माणूस दुसरं काय करतो?

पुढच्या वर्गात मॅडमनी फाइलीत लिहायला शिकवलं. सगळ्यांनी एक नवी फाइल केली, तिच्यात आपलं नाव लिहिलं, उघडून बघितलं. नाव होतं. मास्तरांचंही होतं.

"आधीच्या फाइलीला जोडून कसं लिहायचं ते पुढच्या वेळी बघू," मॅडम म्हणाल्या. पण मास्तर तोवर दप्तर आवरत होते. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं.

त्यांची अडचण अशी होती की फाइलींना नावं नव्हती, नुसते लांबलचक आकडे होते. कुठला आकडा म्हणजे कुठलं वाक्य, तेच कळत नसेल तर बटण कशाला जोडणार? आणि दुकानाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता: आलेल्या प्रत्येक नगाला चिठ्ठी. कापड असो, अर्धवट शिवलेला कोट असो, टाचणीने चिठ्ठी लावल्याशिवाय फळीवर ठेवायचं नाही. चिठ्ठी कापडाला टोचतात, त्याने कापडाचं काही बिघडत नाही. मास्तरांना वाटलं, इथेही तसंच करावं. प्रत्येक फाइलीत ती काय बोलते ते लिहून ठेवावं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते बसले. मन घट्ट करून एकेक फाइल ऐकली, पुढची सुरू व्हायच्या आत बंद केली, कुठल्या आकड्याला कुठलं वाक्य ते प्रोग्रॅममध्ये भरलं. तीन "हो" होते, तिथे साधा, वैताग, लाड असं लिहिलं. मग लूप घातला: प्रत्येक फाइल लिहिण्यासाठी उघड, तिचं वाक्य तिच्यात लिही, बंद कर. कंस मोजले. चालवला.

एकही तांबडी ओळ आली नाही.

एवढ्या दिवसांत असं पहिल्यांदाच झालं होतं. मास्तर खुर्चीत मागे रेलले. उठले, चहा टाकला, कप घेऊन परत येऊन बसले. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. जिला सांगायचं तिच्याच फाइलीवर त्यांनी क्लिक केलं.

काही नाही. दुसरी बघितली. तिसरी. स्पीकरची वायर काढून परत खोचली. मोबाइलवर गाणं लावून स्वतःचे कान तपासले. कान ठीक होते.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी कॉम्प्युटर मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी एक फाइल उघडली. आत अक्षरं होती: अहो, चहा गार होतोय. बाकी काही नव्हतं. त्यांनी मास्तरांचा प्रोग्रॅम वाचला आणि हात तोंडाशी नेला.

"मास्तर, लिहिण्यासाठी उघडली की फाइल आधी कोरी होते. मग आपण लिहितो."

"पाटीसारखी?"

"हो. पाटीसारखी."

"मी चिठ्ठी लावत होतो."

"कॉपी असेल ना कुठेतरी?"

मास्तरांना नाकारलेला पेनड्राइव्ह आठवला. मॅडमनी विचारलं, "काय होतं यात?"

"आमच्या घरातलं बोलणं," मास्तर म्हणाले.

मॅडमनी पुढचा वर्ग पुढे ढकलला आणि सगळी दुपार खटपट केली. पुसलेलं परत आणायचे प्रोग्रॅम चालवले, ओळखीच्या दोघांना फोन केले. काही हाती लागलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "माझीच चूक. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"तुमचं शिकवणं चांगलं आहे," मास्तर म्हणाले. "बघा ना, प्रोग्रॅम एका फटक्यात चालला."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनी कॉम्प्युटर पिशवीत घातला. त्यानंतर ते वर्गाला गेले नाहीत.

रविवारी लेक आली. फोन न करता आली, आणि चपला काढल्या काढल्या बोलायला लागली, जणू थांबली तर धीर सुटेल.

"बाबा, मी चुकले. तुम्हाला एकट्यालाच ऐकत बसवलं. आज मला ऐकवा. सगळं नको, एवढ्यात नाही झेपायचं. तो लाडातला 'हो' तेवढा."

मास्तर शिवत होते. त्यांनी मशीन थांबवलं नाही. पायच थांबेनात.

"बाबा?"

"गेलं ते."

"काय गेलं?"

"सगळं. माझ्या हातून."

त्यांनी सांगितलं. लूप, चिठ्ठी, पाटी. लेकीला निम्मं कळलं नाही, पण जे कळायचं ते कळलं. ती ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली.

"माझ्या लग्नाच्या शूटिंगमध्ये असेल की," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"बघितलं मी. त्यावर गाणी चढवलीत. तिचं तोंड हलतं आणि भलतीच बाई गाते."

"मोबाइलवर?"

"मोबाइलवर फोटो आहेत."

मग लेक म्हणाली, "'अहो' कसं म्हणायची ती? 'अ' ओढायची ना?"

"नाही. 'हो' ओढायची. अहोऽ." मास्तरांनी म्हणून दाखवलं. खर्जातला म्हाताऱ्या माणसाचा आवाज निघाला.

"असं नाही, बाबा. शेवटाला खाली यायची. अहो." लेकीने म्हटलं.

"ही तू बोलतेस. ती नाही."

"मग तुम्ही परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं. तिने मान हलवली. तिने म्हटलं, त्यांनी मान हलवली. प्रत्येक वेळी ते मुळापासून जरा आणखी लांब जात होतं, आणि मूळ कुठे होतं तेच आता दोघांना दिसत नव्हतं. शेवटी लेक म्हणाली, "तुमचंच बरोबर असेल. तुम्ही रोज ऐकत होता."

ती आपली समजूत घालते आहे, हे मास्तरांना कळलं. सकाळपर्यंत तो आवाज त्यांच्या कानात होता, निदान त्यांना तसं वाटत होतं. आता तिथे त्यांचा स्वतःचाच आवाज ऐकू येत होता.

लेकीने पुन्हा विचारलं नाही. मास्तरांनीही पुन्हा म्हणून दाखवलं नाही.